वाहनांच्या नेटवर्कमध्ये एओडीव्ही का ढेपाळतो आणि त्याऐवजी काय करावे

प्रश्न थोडक्यात असा: गाडी ते गाडी वायरलेस नेटवर्कचे सिम्युलेशन उभे केले आहे आणि राउटिंगसाठी, म्हणजे माहितीच्या पॅकेटचा मार्ग ठरवण्यासाठी, एओडीव्ही हा गरज पडेल तेव्हा मार्ग शोधणारा प्रोटोकॉल लावला आहे. गाड्या सावकाश आणि दाटीने चालत असतील तर बहुतेक पॅकेट पोहोचतात. वेग वाढवला किंवा गाड्या कमी केल्या की निम्मीही पोहोचत नाहीत. टायमर बदलून हे सुधारेल का? नसेल तर कोणता प्रोटोकॉल घ्यावा?

टायमर बदलून फरक पडेल, पण थोडाच. अडचण आहे ती आधी मार्ग शोधायचा, तो साठवायचा आणि मग त्यावरून पॅकेट सोडायची या पद्धतीत. रस्त्यावरच्या गाड्या सारख्या बदलत असतात, रस्ता मात्र जागेवर असतो. म्हणून साठवायचाच असेल तर रस्ता साठवावा. पॅकेट पुढे कोणत्या गाडीला द्यायचे, हे ते हातात असेल त्या क्षणी ठरवावे.

आधी दुवा, म्हणजे दोन गाड्यांमधला थेट रेडिओ-संपर्क, किती काळ टिकतो ते मोजू. रेडिओचा पल्ला ३०० मीटर धरला, तर दोन गाड्या एकमेकींच्या पल्ल्यात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत फार तर ६०० मीटरचे सापेक्ष अंतर कापतात. एकाच दिशेने जाणाऱ्या गाड्यांच्या वेगात ताशी १० किलोमीटरचा फरक असेल, तर त्यांना २१६ सेकंद मिळतात. समोरासमोरून ताशी १०० किलोमीटर वेगाने येणाऱ्या गाड्यांना जेमतेम ११ सेकंद मिळतात. आता एओडीव्हीची व्याख्या करणाऱ्या आरएफसी ३५६१ या दस्तऐवजातले मूळ आकडे शेजारी ठेवा: हॅलो (‘मी इथे आहे’ असा छोटा संदेश) दर १००० मिलिसेकंदांनी, आणि दोन हॅलो चुकले की दुवा तुटला असे मानायचे. म्हणजे दुवा तुटल्याचे कळायलाच सुमारे दोन सेकंद जातात. तेवढ्यात समोरासमोरच्या गाड्यांमधले अंतर ११० मीटरने बदललेले असते, आणि त्या दोन सेकंदांतली सगळी पॅकेट मेलेल्या दुव्यावर गेलेली असतात. शिवाय मार्ग सहा हॉपचा, म्हणजे गाडी ते गाडी अशा सहा टप्प्यांचा, असेल तर सहापैकी एक दुवा तुटला तरी मार्ग गेला. दुव्यांचे सरासरी आयुष्य ३० सेकंद असेल आणि ते एकमेकांवर अवलंबून न राहता घातांकी वितरणाने तुटत असतील, तर मार्गाचे सरासरी आयुष्य ५ सेकंदांवर येते.

याहून वाईट गोष्ट सहसा नजरेतून सुटते. एओडीव्ही कमीत कमी हॉपच्या मार्गाकडे झुकतो, आणि कमी हॉप म्हणजे लांबलचक दुवे. म्हणजे नेमके पल्ल्याच्या काठावरचे, पुढच्या दोन-तीन सेकंदांत तुटणारे दुवेच तो वेचून काढतो. भरीला, मार्ग शोधणारे पॅकेट छोटे असते आणि कमी डेटा-दराने प्रसारित होते, त्यामुळे ते लांबवर ऐकू जाते. तुमचा डेटा मोठा असतो आणि बहुधा वरच्या दराने जातो. मार्ग सापडतो, पण त्यावरून डेटा जात नाही. सिम्युलेशनच्या लॉगमध्ये मार्ग-शोध यशस्वी दिसतो आणि लगेच दुवा तुटल्याची नोंद येते, तेव्हा बहुतेक वेळा हेच घडलेले असते. हॅलो १०० मिलिसेकंदांवर आणला तर तुटलेला दुवा लवकर कळेल, पण तो तुटायचा थांबणार नाही. प्रत्येक तुटीमागे मार्ग-शोधाचा नवा पूर येईल आणि चॅनेल त्यातच भरेल. मार्गांचे तक्ते आधीपासून तयार ठेवणाऱ्या ओएलएसआर या प्रोटोकॉलची गत वेगळी नाही: त्याचा हॅलो २ सेकंदांचा, टोपोलॉजीची माहिती दर ५ सेकंदांनी, आणि ती माहिती १५ सेकंद खरी मानली जाते. वाहनांसाठी ती माहिती म्हणजे कालचे वर्तमानपत्र.

प्रोटोकॉल बदलण्याआधी मात्र एक तपासणी करा: मार्ग मुळात अस्तित्वात होता का? रस्त्यावर गाड्या स्वैरपणे विखुरल्या असतील आणि दर मीटरला सरासरी λ गाड्या असतील, तर एका गाडीपुढे R पेक्षा मोठी फट असण्याची शक्यता e चा −λR वा घात इतकी येते. पल्ला २५० मीटर आणि किलोमीटरला ५ गाड्या असतील तर ही शक्यता २९ टक्के. दहा किलोमीटरच्या पट्ट्यात सरासरी १४ ठिकाणी साखळी तुटलेली. किलोमीटरला २० गाड्या केल्या तर प्रत्येक गाडीमागची शक्यता ०.७ टक्क्यावर येते आणि काम झाले असे वाटते. पण दहा किलोमीटरमध्ये गाड्या २०० आहेत, म्हणून संपूर्ण साखळी अखंड असण्याची शक्यता फक्त २६ टक्क्यांच्या आसपास राहते. ४० गाड्यांना हीच शक्यता ९८ टक्क्यांवर जाते. मधला उतार इतका तीव्र आहे की गाड्यांची घनता थोडी हलली तरी निकाल पालटतो. म्हणून प्रत्येक पॅकेटसाठी, ते निघाले त्या क्षणी स्रोतापासून गंतव्यापर्यंत साखळी होती का, हे सिम्युलेटरला माहीत असलेल्या खऱ्या स्थानांवरून काढून ठेवा. साखळी नसताना हरवलेल्या पॅकेटचा दोष राउटिंगच्या माथी मारता येत नाही. तुमच्या विरळ रस्त्यावरचा बराचसा तोटा याच खात्यात निघेल असा माझा अंदाज आहे.

आता पर्याय. स्थानावर आधारित पुढे पाठवण्याची पद्धत, जिचे सर्वात परिचित रूप म्हणजे २००० साली मांडलेला जीपीएसआर. पॅकेटमध्ये गंतव्याचे अक्षांश-रेखांश असतात. प्रत्येक गाडी बीकनवरून (गाडी ठरावीक काळाने सर्वांना ऐकवते तो स्वतःच्या स्थानाचा आणि वेगाचा संदेश) शेजाऱ्यांची यादी ठेवते आणि गंतव्याला सर्वात जवळ असलेल्या शेजाऱ्याला पॅकेट देते. मार्ग साठवलेलाच नसल्यामुळे तो तुटण्याचा प्रश्न येत नाही. समोरून येणारी गाडी साठवलेल्या मार्गात घातक असते, पण इथे तिचा उपयोगच होतो. एका हॉपला काही मिलिसेकंद पुरतात, आणि तेवढ्या वेळात ती कुठे पळून जात नाही.

पण पाठ्यपुस्तकातला जीपीएसआर जसाच्या तसा बसवलात तर निराशा होईल. पहिली खोट शेजारी-यादीतच आहे. सर्वात पुढचा शेजारी निवडायचा म्हणजे पुन्हा काठावरचाच. बीकन १ सेकंदाचा असेल, यादीत एखादी गाडी २८० मीटरवर दिसत असेल आणि नोंद ०.८ सेकंद जुनी असेल, तर दूर जाणारी ती गाडी आता ३२४ मीटरवर, म्हणजे पल्ल्याबाहेर असू शकते. स्थानावरून पॅकेट पाठवण्याच्या युरोपच्या जिओनेटवर्किंग मानकात स्थान-नोंदीचे मूळ आयुष्य २० सेकंद आहे. सेकंदाला ३० मीटर जाणारी गाडी तेवढ्यात ६०० मीटर पुढे गेलेली असते, आणि यादी तिला अजून शेजारी म्हणत असते. यावर तीन गोष्टी कराव्या लागतात, आणि तिन्ही एकत्र. बीकनमधला वेग आणि दिशा वापरून शेजाऱ्याचे आत्ताचे स्थान काढायचे आणि निवड त्यावरून करायची. अंदाजे अंतर पल्ल्याच्या सुमारे ८० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर तो शेजारी वगळायचा. हॉप एखाद-दुसरा वाढेल, पण पॅकेट पोहोचेल. आणि तीन-चार बीकन ऐकू आले नाहीत की नोंद काढून टाकायची, २० सेकंद वाट पाहायची नाही.

मॅक थराकडून, म्हणजे रेडिओवर पॅकेट प्रत्यक्ष सोडणाऱ्या भागाकडून, येणारी अपयशाची खबर हा चौथा आधार. युनिकास्ट, म्हणजे एकाच गाडीला उद्देशून पाठवलेल्या, पॅकेटला पोच मिळाली नाही तर रेडिओ ठरलेल्या मर्यादेपर्यंत, सामान्यतः सात वेळा, प्रयत्न करतो आणि दर वेळी थांबण्याची खिडकी दुप्पट करत जातो. हे प्रयत्न फुकट जाऊ देऊ नका. अपयश आले की तो शेजारी लगेच यादीतून काढा आणि तेच पॅकेट पुढच्या उमेदवाराला द्या. पुन्हा प्रयत्नांची मर्यादा तीन-चारवर आणलीत तर हा बदल लवकर होतो. अनेक अंमलबजावण्यांमध्ये ही खबर राउटिंग थरापर्यंत पोहोचतच नाही. कोडमध्ये ती जोडलेली आहे का, हे आधी बघा. सिम्युलेशन एनएस-३ या सिम्युलेटरमध्ये असेल तर एआरपीकडेही, म्हणजे शेजाऱ्याचा मॅक पत्ता शोधणाऱ्या प्रोटोकॉलकडेही, लक्ष द्या. पत्ता सापडेपर्यंत थांबणाऱ्या पॅकेटची रांग तिथे मुळात फक्त तीनची असते, आणि सतत नवे शेजारी भेटणाऱ्या गाडीची पॅकेट तिथेच गळतात. बीकनमधूनच मॅक पत्ता उचलला तर एआरपीची गरजच पडत नाही.

मोकळ्या महामार्गावर एवढे पुरते. शहरात इमारती आड येतात, आणि खरी डोकेदुखी तिथे सुरू होते. गंतव्याला माझ्यापेक्षा जवळ कोणीच नाही, अशी स्थिती चौकाचौकात येते. अशा वेळी जीपीएसआर शेजाऱ्यांच्या आलेखातून एकमेकींना छेदणाऱ्या रेषा काढून टाकतो आणि उजव्या हाताच्या नियमाने कडेकडेने फिरतो. रेषा काढून टाकताना तो गृहीत धरतो की दोन गाड्या पल्ल्याच्या आत असतील तर त्यांच्यात दुवा असणारच. इमारत मध्ये आली की हे गृहीतक कोसळते. अ आणि ब यांच्यामध्ये क दिसतो म्हणून अ-ब ही रेषा काढून टाकली जाते, पण क कोपऱ्याच्या पलीकडे असल्यामुळे ब ला ऐकूच येत नाही. चांगला दुवा गेला, त्याची जागा घेणारा दुवा नाही, आणि पॅकेट गोल गोल फिरून हॉप-मर्यादेवर मरते. शहरात ही कडेने फिरण्याची रीत बंदच ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी नकाशा वापरा. रस्त्यांच्या आलेखावर चौकांची यादी काढायची, ती पॅकेटच्या शीर्षात ठेवायची आणि प्रत्येक गाडीने फक्त पुढच्या चौकाकडे पॅकेट सरकवायचे. चौक आला की यादीतला पुढचा चौक. चौकातली गाडी सर्व बाजूंच्या रस्त्यांना दिसते, म्हणून चौकाच्या आसपास गाडी असेल तर तिला मुद्दाम प्राधान्य द्या, भले पुढे आणखी लांबची गाडी दिसत असो. कोपरा ओलांडून थेट पुढे उडी मारायचा मोह इथेच नडतो. रस्त्याचे वजन निव्वळ लांबीवरून ठरवू नका. गल्लीतून जाणारा ८०० मीटरचा मार्ग गाड्यांअभावी तुटका असतो आणि १५०० मीटरचा मुख्य रस्ता अखंड असतो. वर काढलेली फटीची शक्यताच प्रत्येक रस्त्याचे वजन म्हणून वापरता येते. २००४ मधल्या ए-स्टार या प्रोटोकॉलने बसमार्गांवरून रस्त्यांना वजन दिले होते, आणि गाड्यांची ताजी मोजणी हाताशी नसेल तर ती युक्ती आजही चालते. रस्त्याच्या कडेला एखादेच यंत्र बसवायची सोय असेल तर ते रस्त्याच्या मध्यावर न बसवता चौकात बसवा.

उड्डाणपूल वेगळा सांभाळावा लागतो. वरची आणि खालची गाडी नकाशावर एकाच ठिकाणी दिसतात, पण दोघींमध्ये काँक्रीट असते. केवळ अक्षांश-रेखांशावर न थांबता गाडी कोणत्या रस्त्याच्या तुकड्यावर आहे ते जुळवून घ्या. उंच ट्रकही असेच आड येतात. उलट, त्याच ट्रकच्या टपावर अँटेना असेल तर तो उत्तम दुवा ठरतो.

शेजारी-यादीच नको, असाही एक मार्ग आहे. पॅकेट सर्वांना ऐकवायचे आणि पुढे कोणी पाठवायचे ते ऐकणाऱ्यांनी टायमर लावून ठरवायचे. जो जास्त पुढे त्याचा टायमर लहान, आणि त्याने पाठवलेले ऐकू आले की बाकीचे आपापले टायमर रद्द करतात. जुन्या स्थानांचा घोळ यात उरत नाही, कारण ज्याने पॅकेट ऐकले तो पल्ल्यात होता हे सिद्धच झाले. जिओनेटवर्किंगमध्ये याचे मूळ आकडे किमान १ मिलिसेकंद, कमाल १०० मिलिसेकंद आणि कमाल अंतर १००० मीटर असे आहेत. म्हणजे

टायमर = १०० − ९९ × (अंतर ÷ १०००) मिलिसेकंद

यात गोम आहे ती कमाल अंतरात. तुमचा खरा पल्ला ४०० मीटर असेल तर सर्वात पुढची गाडीसुद्धा ६०.४ मिलिसेकंद थांबते, आणि दहा हॉपला ६०० मिलिसेकंदांहून जास्त नुसते थांबण्यात जातात. कमाल अंतर ५०० केले तर हाच थांबा २०.८ मिलिसेकंदांवर येतो. पण १०० मिलिसेकंदांचा कमाल टायमर मात्र फार खाली आणू नका. मूळ आकड्यांत दोन गाड्यांमधल्या १० मीटरच्या फरकाला जवळपास १ मिलिसेकंद मिळतो आणि एका पॅकेटला हवेत अर्धा मिलिसेकंद लागतो. हा फरक आक्रसला की दोघी जवळजवळ एकदम बोलतात. टायमर संपल्यानंतर पॅकेट चॅनेल-गर्दी नियंत्रणाच्या रांगेत अडकले तर सगळाच क्रम बिघडतो: मागच्या गाडीचे आधी जाते, पुढच्या गाडीचे नंतर, आणि रद्द कोणीच होत नाही. टायमर आणि रांग एकमेकांना माहीत असायला हवीत. पॅकेट रांगेत असतानाही दुसऱ्याची प्रत ऐकू आली तर ते काढून टाकता आले पाहिजे. शहरात दोन गल्ल्यांतल्या गाड्या एकमेकींना ऐकत नाहीत आणि दोघीही पाठवतात. या दुहेरी प्रती चौकात उपयोगीच पडतात, त्यामुळे तिथे फार कंजूषपणा नको.

तुमच्या वापराचे स्वरूप प्रश्नात आलेले नाही, म्हणून हेही बघून घ्या: ज्याला राउटिंग म्हणता ते खरेच हवे आहे का? धडक टाळण्याचे संदेश एका हॉपचे असतात, ते कोणी पुढे पाठवत नाही. पुढे अपघात झाल्याची सूचना एका गाडीला नको असते, ती दोन किलोमीटरच्या पट्ट्यातल्या सर्वांना हवी असते. तिथे पत्ता गाडीचा नसून क्षेत्राचा असतो. हे काम आंधळ्या पुराने करू नका. १९९९ साली प्रसारण-वादळाच्या विश्लेषणात दाखवले गेले की एकदा ऐकलेले पॅकेट पुन्हा प्रसारित केल्याने सरासरी ४१ टक्के नवे क्षेत्र मिळते, आणि तेच पॅकेट चार वेळा ऐकल्यावर पुन्हा पाठवले तर ५ टक्क्यांपेक्षाही कमी. वरची टायमरची रीत क्षेत्र-प्रसारणालाही तशीच चालते. विशिष्ट चालत्या गाडीलाच पॅकेट द्यायचे असेल तर तिचे स्थान आधी शोधावे लागते. ते पॅकेट पोहोचेपर्यंत जुने होते, म्हणून वाटेतल्या ज्या गाडीकडे गंतव्याची अधिक ताजी नोंद असेल तिने पॅकेटमधले स्थान बदलून पुढे पाठवावे.

चॅनेलचे गणित न मांडता यातले काहीच टिकत नाही. ८०२.११पी या वाहनांसाठीच्या वायफाय मानकात १० मेगाहर्ट्झचा चॅनेल असतो, दर ३ ते २७ मेगाबिट, आणि रूढ निवड ६ मेगाबिटची. सही-प्रमाणपत्रासह ३०० बाइटचा बीकन ६ मेगाबिटला सुमारे ०.४५ मिलिसेकंद हवेत राहतो. एकमेकींच्या पल्ल्यात १०० गाड्या, प्रत्येकीचे सेकंदाला १० बीकन, म्हणजे चॅनेलचा ४५ टक्के वेळ गेला. २०० गाड्यांना ९० टक्के, म्हणजे प्रत्यक्षात पॅकेटच्या धडकाच धडका. प्रसारणाला पोच नसते, त्यामुळे धडक झाल्याचे पाठवणाऱ्याला कळतही नाही. म्हणून बीकनचा वेग परिस्थितीवर सोडावा. युरोपच्या बीकन-मानकात दिशा ४ अंशांनी, स्थान ४ मीटरनी किंवा वेग सेकंदाला ०.५ मीटरने बदलला की नवा संदेश निघतो, पण १०० मिलिसेकंदांआधी नाही आणि १ सेकंदापेक्षा उशिरा नाही. राउटिंगसाठी वेगळा हॅलो ठेवू नका. लागते ती सगळी माहिती याच बीकनमध्ये असते.

साखळीच नसेल तर पॅकेट टाकून न देता गाडीने ते जवळ बाळगून पुढे न्यावे. फरक लक्षात असू द्या: सेकंदाला १५ मीटर जाणारी गाडी दोन किलोमीटरची फट ओलांडायला १३३ सेकंद घेते. तेवढा उशीर चालणाऱ्या माहितीलाच ही सोय द्या आणि प्रत्येक पॅकेटवर मुदत घाला. बाळगणारी गाडी चौकात दुसरीकडे वळणार असेल तर वळण्याआधी पॅकेट योग्य दिशेच्या गाडीला सोपवायला हवे. सोपवल्याची पोच येईपर्यंत आपली प्रत पुसू नका. प्रती चार ते आठपर्यंत मर्यादित ठेवल्या तर बफर भरत नाही.

गोपनीयतेसाठी गाड्या ठरावीक काळाने टोपणनाव आणि मॅक पत्ता बदलतात. त्या क्षणी शेजारी-यादीत एकाच गाडीच्या दोन नोंदी होतात, आणि जुनी नोंद म्हणजे भूत. त्या भुताला दिलेले पॅकेट गेलेच. नोंदीचे आयुष्य लहान ठेवण्याचे हे आणखी एक कारण. उलट बाजूने, कोणीतरी खोटे स्थान सांगून स्वतःला गंतव्याच्या अगदी जवळ दाखवले तर सगळी पॅकेट त्याच्याकडे ओढली जातात. ज्याचा बीकन थेट ऐकू आला पण जो स्वतःला दोन किलोमीटरवर सांगतो, त्याला यादीत घेऊ नका. एवढी साधी चाळणीही बरेच काम करते.

राहता राहिले सिम्युलेशन. गाड्या कुठेही भटकणाऱ्या बिंदूंसारख्या हलवल्या असतील तर आतापर्यंतचे निकाल बाजूला ठेवा. सुमो या वाहतूक-सिम्युलेटरमधून खरी वाहतूक घ्या, ओमनेट या नेटवर्क-सिम्युलेटरवर वेन्स ही दोघांना सांधणारी चौकट वापरून ती जोडा आणि इमारतींचा अडथळा चालू ठेवा. सुमोची मूळ पायरी १ सेकंदाची आहे. ती तशीच ठेवली तर गाडी सेकंदभर जागच्या जागी राहून एकदम ३० मीटर उडी मारते आणि १०० मिलिसेकंदांचे बीकन निरर्थक होतात. पायरी ०.१ सेकंद करा. सुरुवातीचा, रस्ता भरेपर्यंतचा काळ मोजणीतून वगळा. सुमो ३०० सेकंद अडकून पडलेली गाडी उचलून पुढे टाकतो. नेटवर्कच्या बाजूने पाहिले तर ती क्षणात गायब होऊन भलतीकडे उगवते, आणि राउटिंग चुकल्यासारखे दिसते. लॉगमध्ये अशा उड्या मोजा. तसेच गंतव्य गाडी प्रवास संपवून सिम्युलेशनमधून बाहेर पडली असेल, तर त्यानंतर तिच्या नावाने निघालेली पॅकेट वेगळ्या रकान्यात टाका, नाहीतर तीही एओडीव्हीच्या नावावर जमा होतील.